लाभार्थी

गेल्या वर्षी वर्गात शब्दांच्या अर्थच्छटा शिकवताना मी फळ्यावर चार शब्द लिहिले: रुग्ण, नागरिक, ग्राहक, लाभार्थी. तास संपल्यावर एक विद्यार्थी थांबला. म्हणाला, "सर, माझे बाबा लाभार्थी आहेत, पण लाभ नागपूरला असतो."

त्याच्या वडिलांची हृदयशस्त्रक्रिया शासकीय विमा योजनेतून मोफत झाली. वडील वाचले, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु चामोर्शीहून नागपूरच्या फेऱ्या, सोबत्याचे राहणे-जेवण आणि ऐन रोवणीत बुडालेली मजुरी यांपायी घरची बैलजोडी विकावी लागली.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत गडचिरोली होता. २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. दीड लाखाचे संरक्षण पुढे पाच लाखांचे झाले. विचार असा, की खर्च शासनाने उचलावा आणि रुग्णालय रुग्णाने निवडावे. पण निवडीला निदान दोन पर्याय हवेत. खाजगी रुग्णालय पैसा खेळतो तिथे उभे राहते. विम्याची रक्कम वाढल्याने जंगलातली वाट आखूड होत नाही.

याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बालकांचे उपचार घरापर्यंत नेले. हृदयशस्त्रक्रिया घरी होणार नाही, हे मान्य. तरीही उपचार कुणी कुणाकडे जायचे, हा प्रश्न उरतोच.

फळ्यावरचे तीन शब्द मी पुसले. 'नागरिक' तेवढा ठेवला.