खाऱ्या वाऱ्यातला पैलवान

आमच्या गुहागरच्या घरात एक पैलवान राहायचा. अंगठ्याएवढा, आकार थेट काजूगराचा, अंगात निकेलचा चकचकीत सदरा. 2004 सालच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क बसली तेव्हा मी तिचं पोट फोडलं आणि आतून हा नि त्याचा जुळा भाऊ निघाला. डिस्क वाचणारी दांडी क्षणात इकडून तिकडे नाचवायची, ही दोघांची नोकरी. नोकरी सुटल्यावर एकाला मी गोदरेजच्या कपाटावर बसवला. अख्खं 'कालनिर्णय' एकटा धरून असायचा. एकदा दोघा भावांत आईचं बोट चिमटलं, तेव्हापासून ती त्याला 'मेल्या' म्हणूनच ओळखायची.

घराणं मोठं. जपानात मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्सचे संशोधक, दोघांनीही 1980च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतंत्रपणे नियोडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांची मोट बांधली. इतका जोर आधीच्या कुठल्याच चुंबकात नव्हता.

पण कातडी नाजूक. डिस्कच्या पेटीत गाळलेल्या हवेवर वाढलेला जीव; त्यात उचकटताना माझ्याच पेचकसाचा ओरखडा कडेला बसलेला. आगरापलीकडे समुद्र. दुसऱ्याच पावसाळ्यात ओरखड्यापाशी फोड आला. नखानं टोकरला, तर निकेलचा पापुद्रा सुटला आणि खाली करडी भुकटी. असा चुंबक म्हणजे दाबून भाजलेले बारीक कण. कणांच्या सांध्यांत नियोडिमियम जास्त असतं, आणि पाण्याशी त्याचं क्षणभर पटत नाही. दमट हवा शिरली की सांधे गंजतात, त्यातून सुटणारा हायड्रोजन आत मुरतो, सांधे फुगतात, कण सुटे होतात. जोर ओसरत नाही हो, अंगच झडतं.

त्याच कपाटावर आजोबांच्या रेडिओच्या स्पीकरमधलं फेराइटचं काळं कडं आहे. ताकद याच्या दहाव्या हिश्श्याची. पण ते मुळात लोखंडाच्या ऑक्साइडचंच भाजलेलं. आधीच गंजलेल्याला आणखी काय गंजायचं!

गेल्या गणपतीत 'कालनिर्णय' धप्पकन खाली आलं. पैलवानाचे दोन तुकडे जमिनीवर, उरलेली भुकटी पत्र्यावर काट्यासारखी उभी. आईनं ओलं फडकं फिरवलं, तर ती सरकेल तेवढी सरकली, सुटेना.

"मेला, जातानासुद्धा चिकटतोय."

'कालनिर्णय' आता खिळ्याला आहे. विजेचं बिल काळ्या कड्याखाली.