तळ्यात कोण कुणाच्या जोडीला

शेततळ्यात मासे सोडताना कोणता मासा कुणाला खाईल, एवढंच बहुतेक शेतकरी विचारतात. त्याहून मोठा प्रश्न असतो तो कोण कुणाच्या तोंडचा घास काढून घेईल, हा. शिरूर-दौंडकडच्या प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यांत तर सगळं त्यावरच ठरतं. उत्तर माशाच्या तोंडातच असतं. बोटुकली तळहातावर घेऊन पाहा. कटल्याचं डोकं मोठं आणि तोंड वर वळलेलं. तो पाण्याच्या वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहूच्या ओठांना बारीक झालर असते. तो मधल्या थरात चरतो. मृगळाचं तोंड खाली झुकलेलं, कारण त्याचं अन्न तळाच्या गाळात असतं. एकाच पाण्यात अशा तीन पंगती बसतात.

कटला, रोहू, मृगळ यांचं ४:३:३ हे प्रमाण यातूनच आलं. पण ते मातीच्या तळ्याचं. कागदावर गाळ फारसा साचत नाही, तिथे मृगळ कमी करून रोहू वाढवावा. चंदेरा (सिल्व्हर कार्प) जोमाने वाढतो, पण कटल्याच्याच थरात. दोन्ही भरपूर सोडले की कटला मागे पडतो. गवत्या (ग्रास कार्प) हवा असेल, तर रोज नेपियर किंवा लसूणघास टाकायची तयारी ठेवावी. ३० बाय ३० मीटरच्या तळ्यात हेक्टरी ५,००० च्या हिशेबाने ४५० बोटुकल्या बसतात. पण कांद्या-उसाला पाणी दिल्यावर उन्हाळ्यात जेवढं पाणी उरतं, त्यावरून हा आकडा कमी करायला हवा.

उजनी धरणाच्या फुगवट्यावर चिलापी (तिलापिया) कितीतरी घरं चालवते, मग ती तळ्यात का नको, असं विचारलं जातं. उजनीचा साठा सुमारे ११७ टीएमसी, आणि तिथे रोज जाळी पडतात. चिलापीची मादी अंडी तोंडात जपते आणि वर्षातून अनेकदा पिल्लं काढते. लहान तळं बघता बघता बोटभर माशांनी भरतं आणि वाढ कुणाचीच होत नाही. निव्वळ नरांचं बीज मिळतं, पण चिलापी पाळायला परवानगी लागते आणि त्या बीजात थोड्या माद्या मिसळल्या तरी गणित बिघडतं. याउलट कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. म्हणून तर १९५७ साली हिरालाल चौधरींनी संप्रेरक टोचून घडवलेलं प्रजनन एवढं मोलाचं ठरलं. सोडले त्याहून त्यांची संख्या वाढत नाही, म्हणून खाद्याचा हिशेब मांडता येतो. थाई मांगूर दणकट खरा, पण तो सोबत्यांनाच खातो. देशात त्यावर २००० सालापासून बंदी आहे, आणि ओढ्यातून घोड-भीमेत गेलेला मांगूर परत काढता येत नाही.

तेव्हा ‘सगळं मिक्स आहे’ म्हणून कुणी बोटुकल्यांची एकच पिशवी पुढे केली, तर घेऊ नका. प्रत्येक जात वेगळी मागा, मोजून घ्या आणि मगच तळ्यात सोडा.