दुसरी खेप

गेल्या सुट्टीत जवळा बाजारला गेलो असता एका शेतकऱ्याने आपल्या मुलाला माझ्यापुढे उभे केले. आर्थिक दुर्बल घटकांसाठी असलेल्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीच्या परीक्षेत त्याची निवड थोडक्यात हुकली होती.

“सर, औंदा पुन्हा बसवावं का याला?”

मी निरुत्तर झालो. ही परीक्षा आठवीत शिकणाऱ्यांसाठीच असते, आणि मुलगा तर आता नववीत! निवड होती, तर बारावीपर्यंत दरसाल १२,००० रुपये मिळते.

मला माझे बालपण आठवले. चौथीच्या शिष्यवृत्तीत मी सपशेल आपटलो होतो. सातवीत पुन्हा बसलो आणि तरलो. त्या दुसऱ्या खेपेने पैशांहून धीर अधिक दिला.

अभियांत्रिकीची जेईई मेन २०२६ सालीही दोनदा झाली. दोहोंतील सरस गुण धरले जातात. थोरल्या मुलांचा एखादा दिवस वाईट जातो, हे आपण जाणतो. मग तेरा वर्षांच्या पोराचा जात नाही काय? फेरपरीक्षेने गुणवत्ता हिणकस होते, असे म्हणणारे सज्जन आहेत; पण एका दिवसात विटणारी ती कसली गुणवत्ता?

मी बापाला दुसऱ्या परीक्षांची नावे सांगू लागलो. मुलाचे तिकडे लक्षच नव्हते. “सर, माझी कोणती गणितं चुकली असतील?” तो मध्येच म्हणाला.

त्या प्रश्नाला मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले.