पहिल्या पावलाची कळ

मैत्रिणींनो, सकाळी अंथरुणातून उठून पाऊल टेकताच टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ येते का? चार पावलं चाललं की ती ओसरते आणि आपण कामाला लागतो. माझं हे दुखणं दुसऱ्यांदा उलटलं, तेव्हा घरात माझी शाळा सोडण्याची भाषा सुरू झाली. वर्गातलं उभं राहणं सगळ्यांना दिसलं. ओट्यापुढचं मात्र कुणी मोजलंच नाही!

डॉक्टरांनी समजावलं : टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात एक चिवट पट्टा असतो. रात्रभर तो आखडतो आणि पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. म्हणून उठण्यापूर्वीच पायाची बोटं हाताने आपल्याकडे ओढून धरायची, दहा अंक मोजेपर्यंत. असं १० वेळा, दिवसातून ३ दा. शिवाय भिंतीला हात टेकून पोटरीला ताण द्यायचा. फरशीवर अनवाणी वावरायचं नाही. घरातली वेगळी, मऊ तळाची चप्पल हवीच.

गुण यायला काही महिने लागतात, धीर सोडू नका. बरं वाटलं तरी व्यायाम चालू ठेवा, नाहीतर दुखणं पुन्हा डोकं वर काढतं. पाय सुजला किंवा बधिर झाला, तर मात्र लगेच दाखवा.

माझी शाळा चालू आहे. पोळ्या तेवढ्या आता बसून लाटते!