निवड

घरांतील जुन्या-नव्या चलच्चित्रांचें संकलन करण्यासाठीं कोणता संगणक घ्यावा, हा प्रश्न वरवर पाहतां दुकानदाराच्या अखत्यारींतला आहे. दुकानदारही त्याचें उत्तर मोठ्या तत्परतेनें देतो. प्रोसेसर कोणत्या पिढीचा, ग्राफिक्स कार्ड किती किंमतीचें, पेटीच्या आंत दिवे किती रंगांचे, हें सारें त्याच्या जिभेवर असतें. आमच्या परिचयाचे तरुण तर या विषयांत दुकानदारालाही धडे देतील. परंतु ज्यासाठीं हें यंत्र घ्यावयाचें, तें चित्रण कोणत्या जातीचें आहे, तें कशावर उतरलें आहे आणि त्यांतलें काय टिकावें अशी आपली इच्छा आहे, हें विचारणारा माणूस आम्हांस गेल्या कांहीं महिन्यांत एकही भेटला नाहीं. पायाचें माप न घेतां जोडा विकण्याचाच हा प्रकार आहे. आणि जोडा चावूं लागला म्हणजे दोष पायाला देण्याचीही येथें वहिवाट आहे.

तेव्हां आरंभ पायापासूनच केलेला बरा. आमच्या घरीं बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यांत सतरा लहान कॅसेटी आहेत. 'मिनीडीव्ही' हें त्यांचें नांव. २००२ सालीं आम्हीं एक कॅमेरा घेतला आणि तो सहा वर्षें लग्नामुंजींत, गणपतींत आणि उन्हाळ्याच्या सुटींत कोंकणांतल्या घरीं चालविला. पुढें मोबाइल आले, आणि कॅमेरा कपाटांत जाऊन बसला. त्या डब्यांत आमच्या मातोश्री आहेत. त्या २००९ सालीं गेल्या. त्यांचीं छायाचित्रें भिंतीवर आहेत, परंतु त्यांचा आवाज या सतरा कॅसेटींवांचून दुसरीकडे कोठेंही नाहीं. आमच्या धाकट्या मुलीचा जन्म २००८ चा. आजी कशी बोलत असे हें तिला ठाऊक नाहीं. डब्याबाहेरचें दुसरें भांडार म्हणजे गेल्या आठ-नऊ वर्षांत मोबाइलवर घेतलेलें चित्रण. तें इतकें विपुल आहे कीं, तें पाहण्यास कोणास कधीं सवड होत नाहीं.

कॅसेटींतील चित्रणाची मागणी मोठी चमत्कारिक आहे. त्याला शक्ति नको, दार हवें. डीव्ही ही पद्धति १९९५ च्या सुमारास प्रचारांत आली. तिच्यांत तासाभराच्या चित्रणाला सुमारें १३ जीबी जागा लागते. म्हणजे आमच्या साऱ्या कॅसेटींचें ओझें २२१ जीबींचें झालें. आजची अगदीं साधी हार्ड डिस्कही तें लीलया उचलील. अडचण आहे ती कॅमेऱ्यांतून संगणकांत शिरण्याच्या वाटेची. ही वाट म्हणजे फायरवायर. सोनीचे लोक तिला आय-लिंक म्हणत. एके काळीं पुष्कळ लॅपटॉपांना हें तोंड असे. आज नव्या लॅपटॉपाच्या चारी बाजू चाचपल्या तरी तें सांपडत नाहीं. ज्या ॲपलनें फायरवायरचा एवढा पुरस्कार केला, त्या ॲपलनेंच २०२५ च्या 'टाहो' या प्रणालींतून तिचा आधार काढून घेतला. कॅमेऱ्याला यूएसबीचें तोंड असतें खरें, परंतु बहुतेक कॅमेऱ्यांत तें स्थिर छायाचित्रांपुरतें किंवा हलक्या प्रतीच्या चित्रापुरतेंच ठेवलेलें असतें. म्हणून आमच्या यादींत पहिली ओळ प्रोसेसरची नाहीं. ज्यांत पीसीआय एक्सप्रेसची एक खाच रिकामी आहे असा डेस्कटॉप, आणि त्या खाचेंत बसणारें फायरवायरचें कार्ड, ही ती ओळ. हें कार्ड साऱ्या सरंजामांत स्वस्त. म्हणूनच कीं काय, त्याचें नांव कोणी काढीत नाहीं.

दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि कच्च्या फिल्मच्या कडांना भोकें पाडण्याचें यंत्र मिळविलें. फिल्म त्या काळीं भोकें न पाडलेलीच येत असे, आणि भोकांवांचून ती कॅमेऱ्यांत एक पाऊलही पुढें सरकत नसे. सरस्वतीबाई रात्रीं घरांत अंधार करून हें काम करीत. कॅमेऱ्याचें कौतुक आजवर पुष्कळ झालें. भोकें पाडण्याच्या यंत्राचें क्वचितच. आमच्या कार्डाविषयीं आम्हांला जी आस्था वाटते ती या जातीची आहे.

दार मिळालें तरी दारापर्यंत चालत येणारा कॅमेरा पाहिजे. कॅमेऱ्याचें चुंबकी शीर्ष झिजतें, आंतलें रबर वाळतें, आणि नवा कॅमेरा आतां बाजारांत मिळत नाहीं. व्हीएचएसच्या मोठ्या कॅसेटी ज्यांच्या घरीं आहेत त्यांची स्थिति याहून बिकट आहे. तें यंत्र करणारा शेवटचा कारखाना, जपानची फुनाई कंपनी, हिनें २०१६ च्या जुलैंत काम थांबविलें. शिवाय तासाची कॅसेट उतरवून घेण्यास तासच लागतो. लाखाचा प्रोसेसर घेतला तरी त्यांतलें एक मिनिट कमी होत नाहीं. वेगाची एवढी बढाई मारणाऱ्या बाजारांत वेग विकत न मिळणारी एखादी वस्तु शिल्लक आहे, याचें आम्हांला, खरें सांगावयाचें तर, थोडें समाधानच वाटतें.

मोबाइलवरील चित्रणाचें गणित अगदीं उलट. डीव्हीच्या एका चित्रांत ७२० गुणिले ५७६ ठिपके असतात. '४के' म्हणून जें म्हणतात त्यांत ३८४० गुणिले २१६०, म्हणजे बरोबर वीसपट. असें असून मोबाइलचें तासभराचें चित्रण सुमारें १० जीबींतच मावतें. वीसपट मजकूर कमी जागेंत कसा बसला? याचें उत्तर जुन्या पत्रव्यवहारांत सांपडेल. डीव्हीचें प्रत्येक चित्र हें स्वयंपूर्ण पत्र आहे. कोठूनही उघडा, मजकूर पुरा मिळतो. मोबाइलची जी एचईव्हीसी पद्धति २०१३ सालीं मान्य झाली, तिच्यांत एखादेंच पत्र पुरें लिहितात; पुढच्या पत्रांत "बाकी सर्व मागील पत्रीं लिहिल्याप्रमाणें" असें म्हणून तेवढा फरक नोंदवितात. अशा गठ्ठ्यांतलें मधलेंच एक पत्र काढून वाचावयाचें म्हणजे मागचीं उघडणें आलें. संकलनांत आपण सारखे मध्येंच थांबतों, मागें जातों, कापतों. म्हणून जागेला हलकें असलेलें हें चित्रण यंत्राला जड जातें.

हें वाचन प्रोसेसरावरच बसविलेला एक वेगळा विभाग झपाट्यानें करतो. इंटेलच्या प्रोसेसरांत असा विभाग २०११ पासून आहे, आणि अलीकडच्या साध्या प्रोसेसरांनाही एचईव्हीसी वाचतां येतें. मात्र ज्याच्या नांवाच्या शेवटीं 'एफ' हें अक्षर असतें त्या इंटेलच्या प्रोसेसरांत चित्रविभागच नसतो. तो चार पैशांनीं स्वस्त म्हणून गळ्यांत मारतात, आणि मग ग्राफिक्स कार्ड घेणें ओघानेंच येतें. खेळ खेळणाऱ्यांनीं तें कार्ड अवश्य घ्यावें. आम्हीं एफविरहित मधल्या प्रतीचा प्रोसेसर, ३२ जीबी रॅम आणि १ टीबीची एसएसडी एवढ्यावर थांबावयाचें ठरविलें आहे. १६ जीबींतही काम भागतें. त्याहूनही अडलें तर मूळ चित्रणाची लहान, हलकी नक्कल करून तिच्यावर कात्री चालवावी आणि शेवटीं मूळ चित्रण जोडावें, अशी सोय संकलनाच्या बहुतेक चांगल्या प्रणालींत आहे; ती फुकट मिळते.

वांचलेला पैसा कोठें घालावा, याविषयीं आमचा आग्रह आहे. एक यूपीएस, आणि दोन सुट्या हार्ड डिस्का. एक घरीं राहील. दुसरी आमच्या भगिनींकडे नाशिकला जाईल. एकाच घरांत ठेवलेल्या दोन प्रति या पुराला, चोराला आणि आगीला एकच असतात.

आमचा भाचा या शास्त्रांत निष्णात आहे. तो म्हणाला, "मामा, तुम्ही कापाकापीची काळजी करूं नका. जेथें कोणी बोलत नाहीं तो भाग प्रणाली आपोआप ओळखते आणि गाळते. सतरा तासांचा दीड तास होईल." त्याचें म्हणणें तंत्राच्या दृष्टीनें अचूक आहे. परंतु आम्हांला एका कॅसेटींतला असा एक भाग स्मरतो, कीं ज्यांत मातोश्री ओटीवर सूप घेऊन तांदूळ निवडीत बसल्या आहेत. चार-पांच मिनिटें त्या कांहींच बोलत नाहींत. खडा सांपडला कीं तो अंगणांत टाकतात. बाहेर कोठेंतरी रहाट चालला आहे. मग मान वर न करितां त्या विचारतात, "तें बंद आहे ना रे?" भाच्याच्या प्रणालीनें चार मिनिटें गाळून एवढेंच वाक्य राखलें असतें. आमच्या सौभाग्यवतींनीं त्याला शांतपणें सांगितलें कीं, हें काम घरीं बसून हातानें व्हावयाचें आहे आणि त्याला वर्ष लागलें तरी चालेल. भाच्यानें तें मानलें. कार्ड शोधून देण्याचें मात्र त्यानें पत्करलें आहे.

आतां प्रश्न उरला तो क्रमाचा. कॅमेरा किती तास सोबत देईल याचा भरंवसा नाहीं. म्हणून हव्याशा कॅसेटी आधीं, हें उघड आहे. कोंकणांतल्या पांच कॅसेटी प्रथम, मग मुंजी, मग गणपति. लग्नें शेवटीं, कारण लग्नांत कॅमेऱ्याकडे पाहून हात हलविणाऱ्यांचीच गर्दी फार. दोन कॅसेटींच्या फितीवर पावसाळी हवेनें पांढरी बुरशी धरली आहे. त्या लावल्या तर कॅमेऱ्याच्या शीर्षाला अपाय व्हावयाचा. म्हणून स्वच्छ करून घेतल्याखेरीज त्यांना हात लावावयाचा नाहीं, असें ठरलें. त्यांच्यावरच्या चिठ्ठ्याही गळून पडल्या आहेत, आणि आंत काय आहे तें घरांत कोणालाच आठवत नाहीं.