दारातला नकार

डोंबिवली,
२८ मे

प्रिय सई,


‘घरून काम करते म्हणजे दिवसभर दार उघडायलाच बसलेय, असं या लोकांना वाटतं का गं आत्या?’ हा तुझा मेसेज वाचून आधी हसले. मग पुढचं वाचलं. एकाचं अर्धा तास ऐकून घेऊन तू फरशी पुसायचा मॉप घेतलास, तो आता गॅलरीत उभा आहे. त्याचा राग परवा आलेल्या दुसऱ्याच मुलावर काढलास, त्याच्या तोंडावर दार आपटलंस आणि नंतर मीटिंगमध्ये तुझं लक्ष लागेना. मोबाइलवर अंगठ्याने टाइप करत बसण्यापेक्षा सरळ पत्रच लिहावं म्हटलं.

एकदा आपण फार मऊ झालो आणि एकदा फार कडक, असं तुला वाटतंय. मला दोन्हींचं मूळ एकच दिसतं. नकार वेळेवर दिला नाही, की पुढे तो एक तर गिळावा लागतो, नाही तर फेकून मारावा लागतो. मॉप घेतलास तेव्हा तू तो गिळलास, आणि परवा फेकून मारलास.

हे मी दाराच्या दोन्ही बाजूंनी पाहिलंय. तुझ्या जन्माआधी, नव्वदच्या दशकात, मी काही वर्षं घरोघरी जाऊन पाणी शुद्ध करायची यंत्रं विकत होते. तुझ्या बाबाला विचार, तो मला तेव्हा ‘फिल्टरवाली’ म्हणून चिडवायचा. १९८२ मध्ये युरेका फोर्ब्ज सुरू झाली, तिची माणसं घरी येऊन व्हॅक्यूम क्लीनर विकू लागली, आणि टाय लावलेला, गोड बोलणारा सेल्समन मध्यमवर्गीयांच्या दारात दिसायला लागला. त्यांचं बघून आणखी बरेच जण या धंद्यात उतरले. त्यांतल्याच एका लहान कंपनीत मी होते. पगार नावापुरता, बाकी सगळं कमिशनवर. बिनलिफ्टच्या इमारतीत आधी सगळ्यात वर चढायचं आणि मग एकेक मजला उतरत यायचं, म्हणजे दम एकदाच लागतो. खाली नावांचा फलक असतो तो वाचून ठेवायचा. दार उघडल्यावर ‘कुलकर्णी वहिनी ना?’ म्हटलं की समोरचीला वाटतं, ओळखीतलं कुणीतरी आलंय.

आम्हाला शिकवायचे ते सगळं असंच होतं. बेल वाजवून दोन पावलं मागे सरकून उभं राहायचं, म्हणजे बाईला भीती वाटत नाही. ‘फिल्टर हवाय का?’ असं कधी विचारायचं नाही, कारण त्याचं उत्तर ‘नको’ असं येतं. त्याऐवजी ‘तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?’ असं विचारायचं. त्याला ‘नको’ म्हणता येत नाही. आणि उन्हाळ्यात पहिली गोष्ट म्हणजे पेलाभर पाणी मागायचं. पाणी आणायला बाई आत गेली, की दार उघडं राहतं, आणि परत येते तेव्हा ती गिऱ्हाईक नसते, यजमानीण असते. यजमानणीला पाहुण्याला घालवून देणं फार जड जातं.

हे कुणा साहेबाच्या सुपीक डोक्यातून निघालंय असं मला वाटायचं. पुढे वाचनात आलं, की याची रीतसर तपासणी झालेली आहे. जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या घरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. ‘गाडी जपून चालवा’ असा एक मोठा, बेढब फलक तुमच्या अंगणात लावू द्याल का, असं त्यांनी लोकांना विचारलं. एरवी जेमतेम १७ टक्के लोक हो म्हणाले. पण ज्यांनी दोनेक आठवड्यांपूर्वी त्याच विषयाची टीचभर पाटी लावायला होकार दिला होता, त्यांच्यापैकी ७६ टक्के या भल्यामोठ्या फलकालाही तयार झाले. लहानशा होकाराने मोठ्या होकाराची वाट मोकळी होते. म्हणून ‘घेऊ नका मॅडम, फक्त बघा’ हे वाक्य ऐकलंस, की समजायचं, सौदा सुरू झाला.

मग करायचं काय? आधी आतलं दार उघडलंस तरी बाहेरचं जाळीचं दार लावलेलंच ठेव. कोण, कुठून, कशासाठी, एवढं विचार. विकायला आलाय हे कळलं, की त्याचं पहिलं वाक्य संपताच म्हण, ‘आम्ही दारावर काही घेत नाही.’ आणि दार हळूच लाव. बस्स. पुढे एक शब्द बोलू नकोस.

मुख्य म्हणजे कारण देऊ नकोस. प्रत्येक कारणावर आम्हाला उत्तर पाठ असायचं. ‘आमच्याकडे आहे’ म्हटलंस तर, ‘कोणतं मॉडेल? एक्सचेंज चालू आहे.’ ‘आत्ता पैसे नाहीत’ म्हटलंस तर, ‘हप्त्याने द्या.’ ‘नवऱ्याला विचारून सांगते’ म्हटलंस तर, ‘साहेब किती वाजता येतात?’ आणि वर एक टोमणा, ‘घरातला निर्णय तुम्ही घेत नाही होय?’ कारण दिलंस की तू त्याच्या हातात दोर देतेस. ‘आम्ही दारावर घेत नाही’ हे कारण नाही, घराचा नियम आहे. नियमाशी वाद घालता येत नाही. तो म्हणेल, ‘हा भाव फक्त आजच्यापुरता.’ असू दे. जी वस्तू उद्या दुकानात जाऊन, चार ठिकाणी किंमत बघूनसुद्धा घ्यावीशी वाटते, तीच घ्यावी. आणि लकी ड्रॉ म्हणून पुढे केलेल्या कुपनावर फोन नंबर लिहायचा नाही.

तुला हे रुक्ष वाटेल. आपल्याकडे भीड फार. पण भीड भिकेची बहीण, हे आजी उगाच म्हणत नाही. आणि या भिडेने त्या बिचाऱ्याचं तरी काय भलं होतं? मला दार आपटणाऱ्या बायकांचा राग यायचा, तो जिना उतरेपर्यंत टिकायचा. पण ज्यांनी आत बसवलं, चहा पाजला, सगळं प्रात्यक्षिक करायला लावलं आणि शेवटी ‘बघू, पुढच्या आठवड्यात या’ म्हणाल्या, त्यांनी मला खरं बुडवलं. मी पुढच्या आठवड्यात रिक्षाचे पैसे खर्चून जायचे आणि आतून मुलाचा आवाज यायचा, ‘आई घरात नाही म्हणतेय.’ कमिशनवर जगणाऱ्याचं भांडवल म्हणजे त्याचा वेळ. पहिल्या मिनिटातला नकार त्याचा वेळ त्याला परत देतो. त्याला देण्यासारखी याहून चांगली गोष्ट विकत न घेणाऱ्या माणसाकडे नसते.

हे झालं खऱ्या विक्रेत्यांचं. पण त्यांच्या वेषात दुसरेही येतात, आणि तिथे सौजन्याचा प्रश्नच येत नाही.

पाण्याची ‘फुकट तपासणी’ करणारा येईल. दोन पेले मागेल, एकात तुझ्या नळाचं पाणी, एकात त्याच्या यंत्राचं. दोन्हींत धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडेल. मिनिटभरात नळाचं पाणी गढूळ, तपकिरी होतं आणि त्याचं नितळ राहतं. ‘बघा, हे पिता तुम्ही!’ तो रंग पाण्यातल्या घाणीचा नसतो, त्या कांडीतल्या लोखंडाचा असतो. नळाच्या पाण्यात नैसर्गिक क्षार असतात, त्यामुळे वीज वाहते, लोखंड विरघळतं आणि गंज तयार होतो. त्याच्या आरओ यंत्राच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून तिथे काही घडत नाही. गंमत करायची असेल, तर त्याच्या शुद्ध पाण्यात स्वयंपाकघरातलं चिमूटभर मीठ टाक आणि म्हण, आता लावा वीज. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत सहज चालतात. कोथरूडला तुमच्याकडे खडकवासल्याचं पाणी येतं, त्यात ते याहून पुष्कळच कमी असतात. उन्हाळ्यात टँकर मागवलात तर गोष्ट वेगळी. मग पाणी प्रयोगशाळेत तपासून घे, दारात नको.

दुसरा येईल तो ‘गॅस कंपनीकडून तपासणीला’. शेगडी बघेल, नळी खराब झाली म्हणेल, घाबरवेल आणि अव्वाच्या सव्वा भावात नळी किंवा रेग्युलेटरवर बसवायचं काहीतरी गळ्यात मारेल. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नसतं, म्हणून फसायला होतं. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलावी लागते आणि एजन्सीचा मेकॅनिक तपासणीला येतोही. तेव्हा ओळखपत्र बघ, त्याला बाहेरच थांबव आणि पुस्तकावरच्या नंबरवर आपल्या एजन्सीला फोन लाव. खरा असेल तो थांबतो. खरोखरच गॅसचा वास आला, तर १९०६ हा नंबर लक्षात ठेव. तो चोवीस तास चालतो.

तिसरा सगळ्यात वाईट. ‘तांब्या-पितळेची भांडी चमकवायची पावडर आहे, ताई, फुकट करून दाखवतो.’ देवघरातलं निरांजन लखलखीत करून देतो. मग चांदीचे पैंजण उजळतात. मग तो बांगड्यांकडे बघतो. सोनं एरवी नेहमीच्या कुठल्या आम्लाला दाद देत नाही, पण हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्ल तीनास एक मिसळून जे आम्लराज होतं, त्यात ते विरघळतं, हे तू शाळेत शिकली आहेस. बांगडी त्या पाण्यातून निघते ती चकचकीत, पण वजनाने हलकी. सोनं राहतं त्याच्या पातेल्यात. काही जण तर दागिने हळदीच्या पाण्यात घातल्यासारखं करून डबा बंद करतात आणि ‘अर्ध्या तासाने उघडा’ सांगून निघून जातात. पोलीस वर्षानुवर्षं सावध करताहेत, तरी हे चालूच आहे, कारण सुरुवात निरांजनापासून होते.

कायदा तुझ्या बाजूने आहे, हेही माहीत असू दे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये थेट विक्रीचे नियम केले. प्रतिनिधींचं जाळं उभारून माल विकणाऱ्या कंपन्यांना ते लागू आहेत. त्यांच्या माणसाने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ किंवा संमती घेतल्याशिवाय घरी यायचं नाही. आल्यावर सुरुवातीलाच स्वतःचं नाव, कंपनी, माल आणि येण्याचा हेतू सांगायचा. किंमत, परतावा, हमी, सगळं स्पष्ट करायचं. फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. बिल मात्र हवं. त्या मॉपचं बिल घेतलंस का?

सोसायटीत ‘विक्रेत्यांना सक्त मनाई’ अशी पाटी लावायचा ठराव मांडावा का, असं तू विचारलंस. मांड, पण सरसकट नको. कोथरूडमध्ये पाटी लावायला कुणाची ना नसेल म्हणा, मजकुरावरून मात्र तीन सभा होतील. दारावर येणारा प्रत्येक जण नकोसा नसतो. जुने कपडे घेऊन भांडी देणाऱ्या बोहारणीशी आजी तास तास घासाघीस करायची, आणि त्यात दोघींनाही मजा यायची. धारवाला आहे, भाजीवाली आहे, बचतगटाच्या पापड-कुरडया आणणाऱ्या बायका आहेत. विको उभी करणाऱ्या केशव पेंढरकरांनी सुरुवातीला दंतमंजन घरोघरी जाऊनच विकलं. करसनभाई पटेलांनी १९६९ मध्ये अहमदाबादेत निरमा सायकलवरून दारोदार नेली. तेव्हा दार वाजवणं हा काही गुन्हा नाही.

माझी कसोटी साधी आहे. हा माणूस पुढच्या आठवड्यात याच दारात पुन्हा येणार आहे का? भाजीवालीला यायचंय, म्हणून ती किडका भोपळा देत नाही. बोहारणीचं पातेलं गळलं तर ती पुढच्या खेपेला सापडते. मॉपवाला, पाणीवाला, पॉलिशवाला पुन्हा दिसणार नाही, आणि हे त्याला तुझ्याआधी माहीत असतं. ठरावात हेच लिहा, की नेहमीच्या माणसांची नावं वॉचमनकडे असतील, बाकीच्यांना ज्या घराने बोलावलं असेल त्या घरच्या होकारानेच वर सोडायचं.

आणि पाण्याचं. पाणी मागणं ही युक्ती आहे, हे मीच सांगितलं. तरी मे महिन्यात कुणी मागितलं तर दे. जाळीचं दार लावून आत जा, पेला घेऊन ये, दे, आणि मग ‘आम्ही दारावर घेत नाही’ म्हण. पाणी दिलं म्हणून मॉप घ्यावा लागत नाही, आणि मॉप घ्यायचा नाही म्हणून पाणी नाकारावं लागत नाही. मला नकार देऊन पाणी देणाऱ्या बायका पुष्कळ भेटल्या. त्यांच्या दारातून निघताना कधी अपमान वाटला नाही.

परवाच्या त्या मुलाचं फार मनाला लावून घेऊ नकोस. त्याने त्या दिवशी आपटलेली दारं आणखीही पाहिली असतील आणि संध्याकाळी चहा पिताना मित्रांना तुझी नक्कलही करून दाखवली असेल. आम्ही करायचो. पुढच्याला तेवढं पहिल्याच मिनिटाला नाही म्हण.

तुझी,
आत्या

ता. क. आईबाबा ऑफिसला गेले की सांगलीला आजी दुपारी घरी एकटीच असते. पॉलिशवाल्याचा भाग तिला फोनवर वाचून दाखव. मी सांगितलं तर म्हणेल, ‘तू कोण शिकवणार मला?’ तुझं ऐकते.