हलकी रायफल

जियारत झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी अब्बांची रायफल पोलीस ठाण्यात जमा केली. शस्त्राचा परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नव्हे. माणूस गेला की त्याच्या कपाटातली बंदूक घरातल्या कुणाचीच राहत नाही. जमा केल्याची पावती घेऊन मी बाहेर पडलो आणि पहिला विचार आला तो गंजाचा. अब्बा दर जुम्म्याला नमाजहून आले की तिला तेल लावायचे. आता कोण लावणार?

ती थ्री वन फाइव्ह होती. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली. थ्री नॉट थ्री ही लष्कराची गोळी, म्हणून ती सामान्य माणसाला मिळत नसे. त्याऐवजी ही .३१५ ची. आजोबांनी साठच्या दशकात घेतली. आमचं गाव सावित्रीच्या खाडीकाठी. वर डोंगरात वरकस जमिनी, त्यात नाचणी आणि वरी. कणसं भरली की रानडुकरं उतरायची. एका रात्रीत वर्षाची भाकरी जायची. कुणबीवाडीतून निरोप आला की आजोबा रायफल खांद्याला लावून निघायचे आणि माळ्यावर रात्र काढायचे.

डुक्कर मारायचं, पण त्याला हात लावायचा नाही. ते वाडीचं. आजोबा उतरून सरळ घरी. भेकर मिळालं तर मात्र वाटा व्हायचा. त्यासाठी त्यांच्या कमरेला एक सुरी असे. गोळीनेच जीव गेला तर ते खात नसत. जनावर जिवंत हाती लागलं तर बिस्मिल्ला म्हणून स्वतः सुरी चालवत. खळं झालं की वाडीतून नाचणी यायची. हिशेब कुणी लिहिला नाही आणि कुणाचा चुकलाही नाही.

एका पावसाळ्यात आजोबा आंब्यावरून पडले. खांदा पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही. रायफल घेऊन डोंगर चढणं जमेना. तेव्हा सुतारवाडीतल्या सुतारकाकांनी तिचा अक्रोडाचा जड दस्ता काढून शिवणीच्या लाकडाचा नवा केला, आतून पोकळ. नळीखालचं लाकूड तासून निम्मं केलं. नळीला हात लावला नाही, ते कायद्याने चालत नाही. मासळीच्या काट्यावर तोलली तर जवळजवळ अर्धा किलो कमी भरली. मजुरी विचारली तर काका म्हणाले, "माझ्या शेतातली डुकरं काय मी मारली?"

पण हलक्या बंदुकीची एक खोड असते. न्यायला सोपी, पण उडवली की धक्का जास्त मारते. वजन कमी झालं की तो धक्का खांद्यालाच सोसावा लागतो. आजोबा दुखऱ्या खांद्याने तोही सोसत राहिले.

मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार संपली. अब्बा कायद्याला मानणारे शिक्षक. आजोबांनंतर त्यांनी परवाना आपल्या नावावर करून घेतला, पण एकाही जनावरावर गोळी झाडली नाही. वेळेवर नूतनीकरण आणि दर निवडणुकीला रायफल ठाण्यात जमा करून निकालानंतर परत आणणं, एवढंच त्यांचं शिकारीपण. डिसेंबर १९९२ मध्ये मात्र निवडणूक नव्हती, कुणी सांगितलंही नव्हतं. एका सकाळी त्यांनी रायफल चादरीत गुंडाळली आणि स्वतःच ठाण्यात नेऊन दिली. मी शाळकरी होतो. "का दिलीत?" विचारलं तर म्हणाले, "कुणी मागायला यायच्या आधी दिलेली बरी." चार-पाच महिन्यांनी परत आणली तेव्हा नळीत गंज होता. तो काढायला त्यांना तीन शुक्रवार लागले.

आता प्रश्न माझा होता. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. भाईजानचा कुवेतहून फोन, "आजोबांची निशाणी आहे, विकू नकोस." अम्मी म्हणाली, "निशाणी सांभाळायला तो इथे आहे का?" मी चौकशीला गेलो. टेबलामागच्या माणसाने अर्जावरचं नाव वाचलं आणि विचारलं, "तुम्हाला बंदूक कशाला हवी?" हा प्रश्न प्रत्येक अर्जदाराला विचारतात, विचारायलाच हवा. पण नाव वाचून झाल्यावर विचारला की मला तो वेगळा ऐकू येतो. दोष माझ्या कानाचाही असेल. खरी अडचण वेगळीच होती. माझ्याकडे उत्तर नव्हतं. डोंगरातली शेती पडीक. शिकार बंद. निशाणी म्हणून, असं सांगायचं? घरी येऊन भाईजानला फोन केला, "विकतोय."

शहरातल्या परवानाधारक दुकानदाराने फोटो पाहिला आणि मी मनात धरलेल्या किमतीच्या निम्मी सांगितली. म्हणाला, "दस्ता मूळचा नाही. हा माल बिघडवलेला आहे." मला राग आला, पण त्याचंही चूक नव्हतं. एका माणसाच्या खांद्यासाठी केलेली वस्तू बाजारात बिघडलेलीच ठरते.

शेवटी घाटावरचे एक निवृत्त फौजी भेटले. परवाना होता. कायदा असा की विकणाऱ्याने खरेदीदाराचं नाव-पत्ता लिहून जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला कळवायचं आणि त्यानंतर निदान ४५ दिवस थांबायचं. ते ४५ दिवस मला जड गेले. इद्दतीत बसलेली अम्मी रोज विचारायची, "गेली का?" आणि मी "नाही" म्हटलं की तिला बरं वाटायचं की वाईट, ते चेहऱ्यावरून कळत नसे.

मुदत संपल्यावर फौजी आले. रायफल उचलली, खांद्याला लावली, खाली घेतली. "हलकी आहे. धक्का मारत असेल." मी म्हटलं, "आजोबांनी कधी तक्रार केली नाही." ते हसले. दस्ता बदलून मूळ पद्धतीचा बसवणार, म्हणाले. मग मी धीर करून विचारलं, जुना दस्ता मला ठेवता येईल का? हवालदाराने मान हलवली, "साहेब, शस्त्राचा भागही कायद्यात शस्त्रच." सुतारकाकांची शिवण रायफलीबरोबर घाट चढून गेली.

पैसे आले. आम्ही दोन भाऊ, एक बहीण आणि अम्मी. शरीयतप्रमाणे किमतीचे चाळीस भाग केले. पाच अम्मीचे, चौदा-चौदा आम्हा भावांचे, सात बहिणीचे. भाईजानने त्याचे भाग अम्मीलाच द्यायला सांगितले. पुढे बराच वेळ तो फोनवर नुसता होता, काही बोलला नाही.

हिशेब मिटल्यावर अम्मीने भांड्यांच्या फळीवरून आजोबांची सुरी काढली. पातं घासून घासून अरुंद झालंय. "हिला परवाना लागतो का रे?" तिने विचारलं. नाही, म्हटलं. तिने ती पुसली आणि परत फळीवर ठेवली. बकरीदला अजून दोन महिने आहेत.